वीतभर नसेल तर परत

ती गेली हे तळ्यावर कळलं तो रविवार होता. सांगायला मीच गेलो, कारण तिथल्या एकाचाही फोन नंबर माझ्याकडे नव्हता. खरी नावंही माहीत नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, आईच्या तळ्यावरच्या माणसांना कळवायला हवं," तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्यांच्याबरोबर इतके रविवार काढले त्यांना मी मेजर, डॉक्टर आणि गांडूळवाला एवढंच म्हणतो.

मेजर नेहमीच्या जागी, पायऱ्यांच्या डाव्या हाताला, गळाची काठी टाकून बसले होते. मेजर सैन्यात कधीच नव्हते. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असायचे, तेवढ्यावर तळ्यानं त्यांना बढती दिली. पाण्यावरची नजर न हलवता ते म्हणाले,

"काय भाऊजी, आज एकटेच? ताईंनी घराबाहेर काढलं वाटतं."

"ती गेली," मी म्हणालो.

"कुठे?"

"गुरुवारी गेली."

"कधी नाही विचारलं, कुठे विचारलं. मुलीकडे?"

मग त्यांनी वळून पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. आधीच्या रविवारी ती त्यांच्याशी वाद घालून घरी आली होती, त्यामुळे त्यांना ते खरं वाटेना. ते उठायला लागले आणि नेमकं त्याच वेळी त्यांचं बूच पाण्याखाली गेलं. मेजर धड उठलेले नाहीत, धड बसलेले नाहीत. एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर.

"ओढा," मी म्हणालो. "ती असती तर ओरडली असती."

त्यांनी ओढलं. छोटासा मासा होता. तो घेऊन ते बाकाकडे गेले, बाकाच्या पाठीच्या फळीवर ठोकलेल्या दोन पितळी खिळ्यांच्या मध्ये त्यांनी तो धरला, "नाही भरत" म्हणाले आणि परत पाण्यात सोडला. मग माझ्याजवळ येऊन रडले.

त्या खिळ्यांचं सांगायला हवं.

बायको शिवणकाम करायची. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला लागून कापडाचे गठ्ठे, दारामागे टांगलेले तयार कपडे. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. आठवडाभर ती मान खाली घालून सुईकडे बघायची आणि रविवारी तळ्यावर जाऊन मान वर करून बुचाकडे बघायची. मासे पकडायचा नाद तिला होता, मला नाही. मी पेपर न्यायचो, चहाचा थर्मास न्यायचो, आणि गांडूळ दिसलं की तोंड फिरवायचो. "हे कशाला येतात?" असं एकदा डॉक्टरांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "थर्मास एकटा कसा येईल?"

तिला सगळे ताई म्हणायचे, म्हणून मी सगळ्यांचा भाऊजी. माझ्यापेक्षा वयानं मोठे असलेले मेजरसुद्धा मला भाऊजीच म्हणायचे.

आम्ही तिथे जायला लागलो तेव्हा लोक मिळेल ते घरी न्यायचे, बोटाएवढी पिल्लंसुद्धा. तळ्यात फारसं काही उरलं नव्हतं. एके दिवशी ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वीतभर नसेल तर परत." तळं सार्वजनिक होतं आणि तिला कोणी नेमलेलं नव्हतं, पण लोकांनी ऐकलं. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. वीत कोणाची? मेजरांचा पंजा फावड्याएवढा. गळाला लावायची गांडुळं विकणाऱ्या गांडूळवाल्याची करंगळी लहानपणी दारात सापडून अर्धी झालेली, त्यामुळे त्याची वीत आखूड आणि पिशवी कायम भरलेली. डॉक्टर माप घेताना बोटं मुद्दाम ढिली सोडतात असा मेजरांचा आरोप होता. डॉक्टर म्हणजे आमचे केस कापणारे. माशानं गिळलेला गळ ते चिमट्यानं इतका अलगद काढतात की माशालाही कळू नये, म्हणून डॉक्टर. शेवटी ती वैतागली. बाकाच्या फळीवर तिनं स्वतःचा पंजा पसरला, शिवणाच्या खडूनं दोन्ही टोकांना खुणा केल्या आणि मला म्हणाली, "अहो, इथे खिळे ठोका." मी दुकानातून पितळी खिळे आणून ठोकले. तेव्हापासून तळ्यावर एकच माप, ताईची वीत.

ती गेल्यावर मला वाटलं, आपलं तिथलं काम संपलं. बातमी सांगून आल्यानंतरच्या रविवारी मी घरीच बसलो. सकाळीच दार वाजलं. गांडूळवाला उभा होता, हातात गांडुळांचा डबा तसाच.

"भाऊजी, थर्मास कुठाय?"

"अरे, तीच नाही तर मी कसला भाऊजी?"

"ते मला माहीत नाही. तळ्यावर चहा नाही, एवढं माहीत आहे."

म्हणून मी जात राहिलो.

घरात तिच्या वस्तू पुष्कळ होत्या. मशीनवर झाकण, झाकणावर कात्री, दारामागे एक-दोन कपडे ज्यांची गिऱ्हाइकं संकोचानं न्यायला येत नव्हती. पण त्या वस्तू नुसत्या होत्या. तळ्यावर मात्र तिचा नियम चालू होता. कोणीतरी मासा धरायचं, बाकाशी यायचं, "नाही भरत" म्हणायचं आणि सोडून द्यायचं. मी ते पेपरच्या वरून बघत बसायचो. पेपर वाचल्याचं काही आठवत नाही. तिच्या हयातीत जे हळूच लबाडी करायचे, तेही आता करेनात. एकदा गांडूळवाल्यानं खिळ्यापासून केसभरच कमी पडलेला मासासुद्धा सोडून दिला. "ताई बघत असल्या तर?" म्हणाला.

अडचण एकच होती. अलीकडे काही भरतच नव्हतं. तळ्यात सगळीकडे चिलापी मासे, पण वीतभर एक नाही. मेजर पाण्याला दोष द्यायचे, डॉक्टर उन्हाला, आणि दोघं मिळून गांडुळांना. "पिल्लं आहेत, मोठी होतील," असं सगळे म्हणायचे, आणि हे म्हणायलाही काही वर्षं झाली होती. बायकोनं तर मत्स्य खात्याच्या कार्यालयात जाऊन तिथल्या अधिकारी मॅडमना झापलं होतं की तुम्ही तळ्याकडे बघत नाही. मॅडम बघायला आल्या, पण त्या आल्या तेव्हा ती नव्हती.

त्या वयानं आमच्या मुलीएवढ्या. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, बरोबर एक छोटी होडी, जाळं आणि दोन माणसं. त्यांनी जाळं फिरवून मोठ्या टबात मासे ओतले, तेव्हा आम्ही सगळे भोवती जमलो. टब गच्च भरलेला, आणि सगळे एका मापाचे. मॅडमनी त्यातला एक उचलला. माझ्या मधल्या बोटाहून थोडा मोठा असेल. त्यांनी अंगठ्यानं त्याचा खालचा जबडा हळूच दाबला. तोंडातून पिवळी अंडी त्यांच्या तळहातावर आली.

"हे पिल्लू नाही," त्या म्हणाल्या. "ही आई आहे. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते."

"एवढीशी?" डॉक्टर म्हणाले.

"गर्दी फार झाली की खायला पुरत नाही. मग वाढ खुंटते, आणि एवढ्या अंगावरच अंडी घालायला लागतात. गर्दी आणखी वाढते."

"म्हणजे आम्ही पिल्लं म्हणून सोडत होतो त्या..." गांडूळवाला म्हणाला.

"आया होत्या. काही आज्याही असतील."

मेजरांनी टोपी काढली. "मी त्यांना 'जा बाळा, मोठा हो' म्हणून सोडायचो," ते म्हणाले.

हसू आलं सगळ्यांना, पण मॅडमचं पुढचं ऐकून ते थांबलं. वीतभर नसलेले मासे सोडायचे नाहीत, जमतील तेवढे काढायचे. वीतभर आणि त्याहून मोठा लागला तर तो सोडायचा. छोटे पुरेसे कमी झाले की मत्स्य खातं मरळीची पिल्लं सोडणार. मरळ मोठी होते, छोट्यांना खाते, आणि गळाला लागली तर काठी वाकवते. हे लोकांनी केलं नाही तर येत्या उन्हाळ्यात तळं उपसून सगळे मासे काढणार आणि मग तीन वर्षं मासेमारी बंद.

"तीन वर्षांनी मी कुठे असेन?" मेजर म्हणाले.

"मग छोटे काढा."

"ते होणार नाही. ताईंचा नियम आहे."

"त्या शिवणकाम करणाऱ्या ना? आल्या होत्या माझ्याकडे," मॅडम म्हणाल्या. "आज दिसत नाहीत. त्यांना बोलवा, मी त्यांनाच समजावते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी गांडूळवाला म्हणाला, "त्या नाही यायच्या, मॅडम." मॅडमना समजलं. त्यांनी हातातली मासोळी टबात ठेवली आणि माझी माफी मागितली. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी थर्मास उचलला आणि घरी आलो.

मला राग मॅडमचा नव्हता. पण तिचं चालू असलेलं असं जगात तेवढं एकच उरलं होतं, आणि तेच उलटं करायचं म्हणत होते. दुसऱ्या दिवशी दुकान उशिरा उघडलं आणि दुपारी त्यांच्या कार्यालयात गेलो. जिना चढून एक खोली. भिंतीला काचेच्या टाक्या, त्यात हवा सोडणाऱ्या नळ्यांचा बुडबुड आवाज, कोपऱ्यात वाळत घातलेलं जाळं. मॅडम टेबलावर डबा उघडून बसल्या होत्या.

"या काका. जेवता जेवता भांडलं तर चालेल?"

"मी भांडायलाच आलो हे कशावरून?"

"तळ्यावरून जो येतो तो भांडायलाच येतो. सकाळी मेजर येऊन गेले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ताईंचा शब्द मोडायचा असेल तर आधी मला गोळी घाला. मी म्हटलं, बंदूक तर तुमच्याकडे असायची."

मी हसू दाबलं. भांडायला आलेल्या माणसानं लगेच हसू नये.

"सरळ सांगा," मी म्हणालो. "माझी बायको चुकली का?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. "नियम केला तेव्हा बरोबर होत्या. लोक सगळंच नेत होते. पण नंतर वीतभर झाला की पिशवीत, असं चालू राहिलं. मोठे सगळे गेले. छोट्यांना खाणारं कोणी उरलं नाही. काठावर बसून हे दिसत नाही. आम्हालाही जाळं टाकलं तेव्हा दिसलं."

"म्हणजे चुकली."

"हो. शेवटची काही वर्षं, हो."

त्यांनी गोलगोल बोलून माझं समाधान केलं असतं तर मी नक्की भांडलो असतो. सरळ सांगितलं, मग भांडायचं कशावरून? त्यांनी डब्याचं झाकण पालथं करून त्यात थोडं वाढलं आणि माझ्यापुढे सरकवलं. आम्ही दोघं जेवलो. निघताना त्या म्हणाल्या, "काका, ते माझं ऐकणार नाहीत. तुम्ही सांगा."

"मी? मला गळाला गांडूळ लावता येत नाही."

"त्यांना कुठे गांडूळ लावायला माणूस हवाय?"

घरी आलो तर मुलगी आलेली. पुढच्या खोलीत बसून आईचे कापडाचे गठ्ठे आवरत होती. मी तिला सांगितलं, "तुझी आई चुकली म्हणतात."

"तिच्यासमोर म्हणाले?"

"नाही."

"मग वाचले." तिनं कापडाची घडी मांडीवर सारखी केली. "बाबा, आई कधी चुकल्याचं तुम्हाला आठवतंय?"

"ती कुठली चुकते? गिऱ्हाईक जाड व्हायचं."

"आणि त्या शेजारच्या काकूंची बाही? उलटी लावली होती."

"काय म्हणाली होती मग?"

"म्हणाली, ह्यांचा एक हातच उलटा आहे."

आम्ही दोघं हसलो, ती गेल्यापासून पहिल्यांदाच इतकं. मग मुलगी म्हणाली, "पण काकू वळल्या तशी उसवायला घेतली, आणि सकाळी बाही नीट लावून दिली. कबूल नाही केलं, पण दिली नीट करून."

ते मला पटलं. पटलं म्हणजे काय, कसं बोलायचं ते समजलं.

रविवारी सगळे आले होते. नेहमीपेक्षा जास्तच, कारण भाऊजी काहीतरी बोलणार अशी हवा गांडूळवाल्यानं केली होती. मी बाकाजवळ उभा राहिलो. चार माणसांसमोर बोलायची सवय मला नाही. दुकानात बोलायचं ते सायकलीच्या चाकाकडे बघून.

"ताईचं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो.

"ऐका, ऐका," मेजर म्हणाले.

"मासे लबाड निघाले. चांगल्या आया, आज्या, आणि पिल्लांचं सोंग घेऊन बसल्या होत्या. ताई भोळी, ती फसली."

"कोण भोळी?" मेजरांनी विचारलं.

"बरं, आपण सगळे फसलो."

"हां. हे मान्य."

"तेव्हा माप तेच. खिळे तेच. ताईची वीतच चालायची. फक्त भरणारा परत आणि न भरणारा पिशवीत."

मेजर माझ्याकडे रोखून बघत होते. ते नाही म्हणाले असते तर बाकीचेही नाही म्हणाले असते, तळं उपसलं गेलं असतं, आणि खिळे रिकाम्या खड्ड्याकडे तोंड करून राहिले असते.

"भाऊजी, खरं सांगा," ते म्हणाले. "ताई असं म्हणाल्या असत्या?"

"नाही," मी म्हणालो. "ती म्हणाली असती, मी पहिल्यापासून हेच सांगतेय, तुम्हीच उलटं ऐकलंत."

आधी डॉक्टर हसले, मग गांडूळवाला. मेजरांच्या मिश्या हलल्या. "हे मात्र म्हणाल्या असत्या," ते म्हणाले. "अगदी याच आवाजात."

मी पाठ वळवून थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतायला घेतला.

पहिला मासा डॉक्टरांना लागला. खिळ्यांच्या मध्ये धरला. भरत नव्हता. तो हातात घेऊन डॉक्टर नुसते उभे. हात पाण्याकडे जायला बघत होता आणि ते त्याला आवरत होते. शेवटी म्हणाले, "भाऊजी, तुम्हीच टाका." मी आयुष्यात माशाला हात लावला नव्हता. लावला तर तो निसटून माझ्या शर्टाच्या बाहीत शिरला आणि मी बाकाभोवती दोन चकरा मारल्या. मासा पिशवीत गेला तोवर मेजर हसून हसून खाली बसले होते. त्यानंतर कोणाला अवघड वाटलं नाही.

आता दर रविवारी पिशव्या भरतात. तळलेली चिलापी काट्यांसकट कुरकुरीत होते हे मुलीनं शोधून काढलं. खवले काढायचं काम माझं. सायकलच्या रिमचा गंज काढायला मी जो ब्रश वापरतो, तसलाच एक नवा आणला, उत्तम चालतो. सगळे मासे खाऊन संपत नाहीत, उरलेले गल्लीतल्या मांजरांना जातात. मांजरं इतकी सुस्तावली आहेत की माझ्या दुकानासमोर सायकल लावायला जागा नाही.

एक सांगायलाच हवं. मध्यंतरी मेजरांना खरंच मोठा मासा लागला. खूप वर्षांनी. कसा काय तळाशी टिकून राहिला होता कोण जाणे, पण दोन्ही खिळ्यांच्या बाहेर चांगला शेपटीसकट गेला. सगळे बघायला धावले. मेजरांनी तो एकदा मोजला. मग उलटा धरून मोजला.

"भाऊजी, जरासा आखूडच आहे, नाही का?"

"शेपूट दुमडू नका, मेजर."

"शेपटीला जन्मतःच घडी दिसतेय."

"मेजर."

ते पायऱ्या उतरून पाण्यात पोटरीपर्यंत गेले. मासा पाण्यात धरून ठेवला, मग सोडला. कपडे भिजले होते. वर आले आणि एक कप चहा प्यायले. मग म्हणाले, "ताईंना सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता."

"माझा मासा यापेक्षा मोठा होता, असं म्हणाली असती," मी म्हणालो.

"होता का?"

"नाही."

मॅडमनी परवा पुन्हा जाळं टाकून बघितलं. छोटे कमी झाले आहेत, मासे अंगानं जरा सुधारले आहेत, आणि तळं उपसायचं यंदा तरी रद्द केलं आहे. पण मरळ सोडण्याइतके अजून कमी झालेले नाहीत. सगळ्यात जास्त गर्दी पिंपळाखालच्या कोपऱ्यात आहे, असं त्या म्हणाल्या, आणि तिथून कोणी काढत का नाही, असं त्यांनी विचारलं.

तो बायकोचा कोपरा. तिथे कोणी काठी टाकत नाही. कोणी ठरवलेलं नाही, पण टाकत नाहीत. मेजर म्हणतात ते काम भाऊजींचं, डॉक्टरही तेच म्हणतात, आणि गांडूळवाला दर रविवारी माझ्यासाठी डबा वेगळा ठेवतो. तिची काठी घरी मशीनच्या मागे उभी आहे. मी अजून ती तळ्यावर नेलेली नाही. त्या कोपऱ्यातले मासे काढायचे राहिले आहेत.